फुप्फुसाचा कॅन्सर आणि सोबतचे जुने आजार : सर्जन आधी हृदय आणि श्वासच का तपासतात?

खांडेपारकाठ
नमस्कार. वडिलांसाठी लिहितोय. वय ६९, आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ निघाली आहे. बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच, पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. लवकर सापडला, नशीबवान आहात, असं सगळे म्हणतात. पण बाबांच्या फाईलमध्ये कॅन्सर हा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात नवा कागद. त्याखाली जुनी शुगर, सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट दम लागण्याचा आजार (विडी सोडली, पण उशिरा) आणि हृदयातला एक स्टेंट.

सर्जनांनी गाठीबद्दल दोन वाक्यं सांगितली. उरलेला सगळा वेळ पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी), टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), जिने किती चढतात, रात्री उशाला किती उशा लागतात, याच चौकशीत गेला. धाकटा भाऊ वैतागलाय. त्याचं म्हणणं, कॅन्सर झालाय आणि हे शुगरचं काय घेऊन बसलेत, आधी गाठ काढा. मला तसं वाटत नाही, पण त्याला पटवून द्यायला माझ्याकडे मुद्दे नाहीत. हे बाकीचे आजार पुढच्या आयुष्यावर खरंच किती फरक पाडतात? यातून गेलेलं कुणी असेल किंवा या क्षेत्रातलं असेल तर लिहा. काढे सुचवू नका, ती यादी नातेवाईकांनी पूर्ण केली आहे.

अबोली
बाबांना लवकर आराम पडो. जाणकारांच्या प्रतीक्षेत. (माझाही एक प्रश्न आहे, नंतर विचारते.)

पेडण्याचो पात्रांव
मला तुमचा भाऊ बरोबर वाटतो. घराला आग लागलेली असताना पावसाआधी कौलं परतायची राहिली म्हणून कोण थांबतं? आमच्या शेजारच्या एकाचं शुगर-प्रेशर आटोक्यात आणण्यात इतका वेळ गेला की तोपर्यंत गाठ वाढली. स्वतःच्या अंगावर काही येऊ नये म्हणून डॉक्टर कागद जमवत बसतात, दुसरं काही नाही.

गुंगीवाला
भूलतज्ज्ञ होतो, आता निवृत्त. छातीच्या ऑपरेशनला पेशंटच्या डोक्याशी बसण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून लिहितो. बाबांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सगळं सर्वसाधारण समजा.

पात्रांव, तपासण्यांत आठवडे घालवणं चूकच. पण न तपासता टेबलावर घेणं ही त्याहून मोठी चूक.

दुसऱ्या आजारांचं वजन कॅन्सर कुठल्या स्टेजला आहे त्यावर ठरतं, आणि ते लोकांना वाटतं त्याच्या नेमकं उलट असतं. चौथ्या स्टेजला, म्हणजे कॅन्सर शरीरात इतरत्र पसरल्यावर, बहुतेकांचं आयुष्य कॅन्सरच ठरवतो. स्टेंट आणि शुगर तिथे मागच्या बाकावर. पहिल्या स्टेजला गाठ बरी होण्यासारखी असते, म्हणूनच पुढे माणूस किती जगेल हे हृदय, मूत्रपिंड आणि उरलेलं फुप्फुस ठरवू लागतं. तुमच्या भावाचा युक्तिवाद चौथ्या स्टेजला बराचसा लागू पडला असता. बाबांच्या बाबतीत नाही.

आकड्यांत सांगतो. २०१० साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गाठ लहान, पण हृदय किंवा श्वास इतका अधू की ऑपरेशन शक्य नाही, अशा ५५ जणांना नेमक्या जागी, तीन बैठकांत, जोरदार रेडिएशन दिलं. याला एसबीआरटी म्हणतात. तीन वर्षांनी मूळ गाठ ९७.६ टक्के रुग्णांत आटोक्यात होती. आणि जिवंत किती? ५५.८ टक्के. काहींचा कॅन्सर दुसरीकडे पसरला होता, पण तेवढ्याने या दोन आकड्यांमधली दरी भरून निघत नाही. गाठ हरली आणि माणूस दम्याने किंवा हृदयाने गेला, असे बरेच जण त्या दरीत आहेत.

आता हे आजार आयुष्य कसं कमी करतात? एक वाट सरळ : त्या आजारानेच माणूस जातो. दुसरी वाट आडून येते आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे, कारण तिच्यावर काही करता येतं. दुसऱ्या आजारामुळे कॅन्सरचा सगळ्यात चांगला उपचार मिळतच नाही. श्वास कमी म्हणून ऑपरेशन नाही, क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंड कमजोर, म्हणून सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध नाही, इको खराब म्हणून त्याच्याबरोबरचं सलाईन भरपूर देता येत नाही. कधी हा नकार योग्य असतो. कधी तो नुसती फाईल बघून, नीट न मोजता दिलेला असतो. म्हणून मोजायचं.

श्वासाचं मोजमाप असं. दोन्ही फुप्फुसांचे मिळून १९ उपभाग धरतात. उजव्या वरच्या खंडात तीन. पीएफटीत एफईव्ही-१ नावाचा आकडा असतो, जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते तो. समजा तो अपेक्षित पातळीच्या ६० टक्के आहे. तो खंड काढला तर १९ पैकी १६ उपभाग उरतात, म्हणजे साधारण ५० टक्के. असाच हिशोब डीएलसीओचा, म्हणजे फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो त्याचा. ऑपरेशननंतरचे दोन्ही अपेक्षित आकडे ६० च्या वर असतील तर सहसा पुढे काही तपासत नाहीत. ३० ते ६० च्या मधे कुठे आला तर जिने चढवून किंवा शटल वॉकने, म्हणजे ठरलेल्या अंतरात वेग वाढवत फेऱ्या मारायला लावून, बघतात. ३० च्या खाली गेला तर सायकल किंवा ट्रेडमिलवर, तोंडाला मास्क लावून, शरीर ऑक्सिजन किती वापरतं ते मोजतात. सर्जनांनी जिन्यांबद्दल विचारलं ते या गणितासाठी. चाचणीत जवळजवळ २२ मीटर उंची चढायची असते, साधारण सात मजले. फोंड्यात सात मजल्यांची इमारत शोधणं हे वेगळं काम.

यात एक गंमत आहे. विडीमुळे फुप्फुसाचा वरचा भाग फुगून निकामी झालेला असेल आणि गाठही नेमकी तिथेच असेल, तर तो भाग काढल्यावर श्वास गणितात येतो तेवढा कमी होत नाही. निकामी भाग गेल्यावर उरलेल्याला पसरायला जागा मिळते. म्हणून सीओपीडी आहे एवढ्यावरून ऑपरेशन होणार नाही असं धरून चालू नका.

आणि सगळा खंडच काढावा लागतो असंही आता राहिलेलं नाही. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, कडेला असलेल्या गाठींसाठी जपानमधल्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२२ साली आले. पूर्ण खंड काढलेल्यांपैकी पाच वर्षांनी ९१.१ टक्के जिवंत होते, आणि फक्त उपभाग काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के. गाठ त्याच भागात परत येण्याचं प्रमाण उपभागवाल्यांत जास्त होतं, तरीही ते जास्त जगले, कारण दुसऱ्या कारणांनी होणारे मृत्यू त्यांच्यात कमी होते. श्वासाचं भांडवल शिल्लक ठेवलं की ते पुढच्या आजारपणात कामी येतं. बाबांची गाठ नेमकी किती सेंटिमीटर आणि कुठे आहे, हे सर्जनांना विचारा.

डिचोलीकर
वा डॉक्टर, वाचनखूण साठवली.

खांडेपारकाठ
डॉक्टर, मनापासून आभार. हे छापून भावाच्या हातात देणार आहे. गाठ २.४ सेंमी लिहिली आहे. एफईव्ही-१ ५८ आहे, डीएलसीओ अजून केलेली नाही. स्टेंट घातला तेव्हा अटॅक आला नव्हता, छातीत दुखलं म्हणून अँजिओग्राफी केली आणि तिथेच स्टेंट घातला. त्यालाही बरीच वर्षं झाली. इकोत पंपिंग ५५ टक्के.

गुंगीवाला
पंपिंग ५५ ही चांगली बातमी. डीएलसीओ मात्र करून घ्याच. विडीवाल्यांत एफईव्ही-१ बरा आणि डीएलसीओ खूपच खाली, असं पुष्कळदा निघतं.

स्टेंट जुना आहे तेही बरं. नवा असता तर पेच पडला असता, कारण औषध लावलेल्या स्टेंटनंतर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही महिने थांबवता येत नाहीत आणि गाठ तर वाट बघत नाही. तरी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते थांबवायचं की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना आणि सर्जनांना एकमेकांशी बोलायला लावून ठरवा. घरच्यांनी परस्पर बंद करू नये. 'ऑपरेशन आहे म्हणून आम्हीच आठवडाभर आधी बंद केलं' हे वाक्य मी टेबलाशी अनेकदा ऐकलंय.

वास्कोची सून
मी फिजिओथेरपिस्ट आहे, छातीच्या पेशंटबरोबर काम करते. डॉक्टरांनी मोजायचं कसं ते सांगितलं, मी दुरुस्तीचं सांगते. तारीख मिळेपर्यंतचे दोन-तीन आठवडे फुकट घालवू नका. रोज चालणं, पायांचे व्यायाम आणि श्वासाचे व्यायाम. आधी असा व्यायाम केलेल्यांत ऑपरेशननंतर न्यूमोनिया वगैरे फुप्फुसाच्या गुंतागुंती कमी होतात, हे चाचण्यांत दिसलंय. श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन छोटे चेंडू असलेलं ते प्लास्टिकचं स्पायरोमीटर मेडिकलमध्ये सहज मिळतं. पण ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं! निम्मे पेशंट ते फुग्यासारखं फुंकत असतात.

दुसरं, इन्हेलर. आपल्याकडे अजून समज आहे की पंपाची सवय लागते, म्हणून त्रास झाला की तेवढ्यापुरता ओढायचा. सीओपीडीत रोजचा पंप रोजच घ्यायचा असतो, आणि बरेच वृद्ध तो इतक्या चुकीच्या पद्धतीने घेतात की औषध जिभेवरच राहतं. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून घ्यायला शिकवा. नुसता पंप नीट घेतल्यावर पीएफटीचा आकडा वर सरकलेले पेशंट मी पाहिलेत. ऑपरेशन होईल की नाही याच्या सीमारेषेवर असलेल्या माणसाला तेवढा फरक मोठा असतो.

विडी खरंच सुटली आहे ना? की बागायतीत गेल्यावर एखादी? रागावून नका विचारू, पण विचारा. निदान झाल्यावर सोडली तरी फायदा होतो. आता काय उपयोग, हे साफ चूक आहे.

खांडेपारकाठ
बागायतीचं तुम्हाला कसं कळलं! आईला हे वाचून दाखवलं, ती हसली, बाबा नाही हसले.

सांगे७०
माझे काका खाणीवर डंपर चालवायचे. त्यांनाही फुप्फुसाचाच. लोहखनिजाच्या धुळीनेच होतो हा, पण कुणी बोलत नाही.

गुंगीवाला
सांगे७०, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत लोहखनिजाची खाण कॅन्सरचं सिद्ध कारण म्हणून आहे, पण ती भूमिगत खाण, कारण तिथे रेडॉन वायू साठतो. आपल्या खाणी उघड्या. धूळ निरुपद्रवी असं मी म्हणत नाही, श्वासनलिकांना ती त्रास देतेच. पण कॅन्सरचं खापर थेट तिच्यावर फोडण्याआधी काका विडी-सिगरेट ओढत होते का, ते बघावं लागेल. विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा, मी येतो.

म्हादई
मी सत्तरीतली. आई कधी विडीला शिवली नाही. आयुष्यभर चुलीपुढे, आणि काजूच्या हंगामात फेणी गाळायच्या भाटीपुढे. तिला तरुणपणी टीबी होऊन गेला होता आणि त्याचा व्रण एक्स-रेत होताच. खोकला वाढला तेव्हा एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे बघून 'जुना टीबी परत उठलाय' म्हणाले आणि थुंकीत जंतू सापडले नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. महिने गेले. वजन उतरत राहिलं. शेवटी सीटी आणि बायोप्सी झाली तेव्हा कॅन्सर छातीत पाणी होण्यापर्यंत पोचला होता.

इथे सगळे 'दुसरा आजार आयुष्य कमी करतो' म्हणतायत. त्यात ही एक वाट घाला : दुसरा आजार निदान लांबवतो. दम लागतो? दमाच आहे. खोकला? सीओपीडी आहे ना. डाग? टीबी होता ना. जुन्या आजाराच्या नावावर प्रत्येक नवी तक्रार खपवली जाते. जुना टीबी झालेल्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे आम्हाला नंतर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

आईच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल निघाला आणि रोजची एक गोळी सुरू झाली. तिथे परत टीबी आडवा आला. तिच्या टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन या गोळ्या शरीरातून भराभर बाहेर टाकतं, रक्तात त्यांची पातळीच राहत नाही. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोललेले नव्हते. मीच दोन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर ठेवल्या तेव्हा कुणीतरी बघितलं.

अबोली
म्हादई, वाचून अंगावर काटा आला. आई कशी आहे आता?

म्हादई
गेली गं. पण गोळीने चांगला काळ मिळाला, दोन चवथी तिने स्वतः करंज्या तळल्या. छातीतलं पाणी परत भरलं तेव्हा मात्र भरभर गेलं सगळं.

पेडण्याचो पात्रांव
म्हादईबाय, वाईट वाटलं.
पण बघा, हाच माझा मुद्दा. दुसऱ्या आजाराच्या मागे लागल्यानेच उशीर झाला.

गुंगीवाला
पात्रांव, नाही. दुसरा आजार *गृहीत धरल्याने* उशीर झाला. तपासला असता तर थुंकीत जंतू नाहीत तेव्हाच सीटी झाली असती. मी पहिल्यापासून मोजा म्हणतोय ते यासाठीच.

म्हादई, तुमचा मुद्दा मी लिहायला हवा होता, तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलात. आपल्या देशात टीबी समजून फुप्फुसाचा कॅन्सर महिनोन्‌महिने पडून राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. दोन आठवडे औषध घेऊनही खोकला हटत नाही, थुंकीत रक्त येतंय, वजन घटतंय, आणि माणूस पन्नाशीच्या पुढचा आहे, तर एक्स-रेवर समाधान मानू नये.

डिचोलीकर
एक शंका. शुगरची मेटफॉर्मिन गोळी कॅन्सर मारते असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. मग शुगरवाल्यांना हा कॅन्सर उलट कमी त्रासदायक व्हायला हवा ना?

गुंगीवाला
ही अफवा नव्हे, गंभीर लोकांनी तपासलेली आशा होती. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची जुनी आकडेवारी बरी दिसायची. मग तिसऱ्या स्टेजच्या, डायबेटीस नसलेल्या रुग्णांना केमो-रेडिएशनबरोबर ती देऊन दोन चाचण्या झाल्या, निकाल २०२१ साली आले. एकीत फायदा नाही. दुसरीत मेटफॉर्मिनवाल्यांचं उलट वाईट झालं. तेव्हा ती गोळी शुगरसाठी, बस्स.

डायबेटीस कॅन्सरमधलं आयुष्य किती कमी करतो यावर अभ्यासांचं एकमत नाही. सीओपीडी आणि हृदय अशक्त असण्याबद्दल जेवढं ठामपणे बोलता येतं तेवढं शुगरबद्दल येत नाही. पण उपचार चालू असताना ती खूप सतावते. केमोच्या आधी आणि नंतर डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड आहे, आणि शुगर ३००-४०० वर जाऊन बसते. त्यात पांढऱ्या पेशी कमी असतात, म्हणजे संसर्गाला आयतं आमंत्रण. काहींना तेवढ्या दिवसांपुरतं इन्सुलिन लागतं. आता ते कायमचं लागलं म्हणून घाबरायचं नाही. पेट स्कॅनच्या दिवशी साखर २०० च्या वर असली की बहुतेक ठिकाणी परत पाठवतात, कारण स्कॅनच साखरेवर चालतो. आणि घरी प्रेमाने रोज पेज पाजणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पातळ आहे म्हणून ती हलकी नसते. शुगरवाल्याला तिच्याबरोबर अंडं, नुस्ते (मासे), डाळ असं काहीतरी हवंच.

खांडेपारकाठ
हे सगळे आजार मिळून एक आकडा काढतात असं भावाने इंटरनेटवर वाचलं. बाबांचा किती ते मोजत बसलाय. (म्हणजे आता त्याला पटलंय वाटतं.)

गुंगीवाला
चार्लसन निर्देशांक म्हणत असेल. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयातल्या ५५९ रुग्णांवरून १९८७ साली बनवला. सीओपीडीला एक गुण, साध्या डायबेटीसला एक, डायबेटीसने डोळे-मूत्रपिंड बिघडले असतील तर दोन, मूत्रपिंडाच्या मध्यम किंवा गंभीर आजाराला दोन, हृदय निकामी होण्याला एक, येऊन गेलेल्या अटॅकला एक. नंतर वयाचेही गुण धरू लागले, साठीतल्या माणसाला दोन. अटॅक न येता नुसता स्टेंट असेल तर मूळ यादीत त्याला गुण नाही. प्रेशरलाही नाही. कॅन्सर रुग्णांचा अभ्यास असेल तर खुद्द कॅन्सरचे गुण सहसा बाजूला ठेवतात.

संशोधकांना हजारो रुग्णांची तुलना करायला तो चांगला. एका माणसाला तो लावून 'बाबांचे अमुक महिने' काढू नका. त्याला आजार *आहे की नाही* एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. इन्हेलर घेऊन शेतात जाणारा सीओपीडीवाला आणि घरी ऑक्सिजन लावून बसलेला, दोघांना एकच गुण. शिवाय वजनं १९८७ ची. एड्सला त्यात सहा गुण आहेत, कारण तेव्हा औषधं नव्हती. आज औषधं नियमित घेणाऱ्या एचआयव्ही रुग्णाला ते लागू नाहीत.

ऑन्कोलॉजिस्ट त्यापेक्षा साधी गोष्ट जास्त बघतात : माणूस दिवसभर काय करतो. त्याला ईसीओजी म्हणतात. शून्य म्हणजे पूर्वीसारखा हिंडता-फिरता, चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ पडून राहत असेल तर तीन, आणि तिथून केमोचा फायदा कमी, त्रास जास्त. म्हणून ओपीडीत 'बाबा बरे आहेत' एवढं सांगू नका. स्वतः आंघोळ करतात का, बाजारात जातात का, दुपारी किती झोपतात, ते सांगा.

वास्कोची सून
अनुमोदन! आणि उलटही करू नका. व्हीलचेअर मिळते म्हणून चालता येणाऱ्या माणसाला बसवून आत नेतात आणि डॉक्टरांच्या मनात तेच चित्र राहतं.

अबोली
आता माझा प्रश्न. सासूबाईंना चौथ्या स्टेजचा आहे, इम्युनोथेरपी सुचवली आहे. पण त्यांना बरीच वर्षं संधिवात, र्‍हुमेटॉइड, आणि रोज स्टेरॉइडची गोळी. एक डॉक्टर नको म्हणतात, एक म्हणतात देऊ. आम्ही कुणाचं ऐकायचं?

गुंगीवाला
हे माझं क्षेत्र नाही, तरी तत्त्व सांगतो. इम्युनोथेरपी प्रतिकारशक्तीचा लगाम सोडते. संधिवातात तीच शक्ती आधीच स्वतःच्या सांध्यांवर उठलेली असते. म्हणून सुरुवातीच्या चाचण्यांत असे रुग्ण घेतलेच नव्हते. नंतर प्रत्यक्ष वापरात दिसलं की सांधेदुखी बऱ्याच जणांची उसळते, पण पुष्कळदा ती औषधांनी आवरता येते. दुसरी बाजू अशी की सुरुवातीलाच प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम किंवा जास्त चालू असेल त्यांच्यात या उपचाराचा परिणाम कमी दिसतो. तेव्हा पहिला प्रश्न : सासूबाईंचा डोस किती, आणि संधिवाताचे डॉक्टर तो उतरवू शकतात का? परस्पर कमी करू नका, ते स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं आहे. संधिवातामुळे फुप्फुसात जाळं धरलं आहे का, म्हणजे ते व्रण पडून कडक झालंय का, हेही सीटीवर बघायला सांगा. असेल तर सांध्यांपेक्षा तीच काळजी मोठी, कारण इम्युनोथेरपीने फुप्फुसाला सूज येऊ शकते आणि अशा फुप्फुसाला ती झेपत नाही. ईजीएफआर, एएलके तपासलं ना? गोळीने उपचार होण्यासारखा बदल असेल तर हा वादच मागे पडतो.

म्हादई
अबोली, आणखी एक. 'पॅलिएटिव्ह'वाल्यांकडे, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या टीमकडे, पाठवलं तर हात टेकले असं समजू नका. आम्ही तसं समजून उशीर केला. नंतर त्या सिस्टरांनी सांगितलं की बोस्टनमध्ये चौथ्या स्टेजच्या १५१ जणांवर अभ्यास झाला होता, २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीम बरोबर असलेले मध्यक धरला तर (निम्मे त्याहून जास्त, निम्मे त्याहून कमी) ११.६ महिने जगले, नसलेले ८.९. आणि त्यांना केमोचा मारा उलट कमी झाला होता.

सांगे७०
खर्चाचं कुणी बोलत नाही. गोमेकॉत, बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, काय मिळतं?

डिचोलीकर
डीडीएसएसवाय, म्हणजे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढलंय का? २०१६ पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. कुठला उपचार त्यात बसतो ते बांबोळीला खिडकीवरच विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, ते आधी बघा. आमचं नेमकं गरजेच्या वेळी संपलं होतं.

पेडण्याचो पात्रांव
गुंगीवाले डॉक्टर, समजा श्वास नाहीच पुरला. मग काय, घरी बसायचं?

गुंगीवाला
नाही. वर लिहिलेलं एसबीआरटी त्यांच्यासाठीच. भूल नाही, टाके नाहीत, बहुतेक जण त्याच दिवशी घरी. लहान गाठ आणि अधू फुप्फुस, यावर आजचा तोच प्रस्थापित पर्याय. फक्त फुप्फुसात जाळं धरण्याचा आजार असेल तर रेडिएशनने तो भडकू शकतो, तिथे जपून. ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाही असं सांगून कुणी घरी पाठवलं, तर दुसरं मत घ्या. परळला टाटात जाऊन यायचं तर रिपोर्टांबरोबर बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या, नाहीतर तिथे गेल्यावर कळतं.

अबोली
डॉक्टर, सासूबाईंचं ईजीएफआर पॉझिटिव्ह आलंय! आज रिपोर्ट मिळाला. गोळी सुरू करणार आहेत, जेफिटिनिब म्हणताहेत. त्यांना पित्ताची पॅन्टोप्राझोल रोज लागते, स्टेरॉइडमुळे. चालेल ना?

गुंगीवाला
छान झालं. पण हे ऑन्कोलॉजिस्टना सांगाच. जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब पोटात नीट शोषली जायला आम्ल लागतं, पॅन्टोप्राझोल तेच कमी करते. ऑसिमर्टिनिबला हा प्रश्न येत नाही, पण तिला हृदयाचा ईसीजी आणि इको आधी बघून घेतात. स्टेरॉइड चालू असताना पॅन्टोप्राझोलही तुम्ही मनाने बंद करू नका, काय बदलायचं ते त्यांना ठरवू दे. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरून न्या. कागदावर उतरवून नेऊ नका. कागदावर सांधेदुखीची ती एक लाल गोळी नेहमी राहून जाते.